बारा जणांचं एकच नाव

१

दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात, पेशंट बसतात त्या खोलीत काचेची एक मोठी टाकी होती. तिच्यातले सगळे मासे सोमवारी सकाळी पोटं वर करून तरंगत होते. झाडलोट करणाऱ्या मावशींनी ते आधी पाहिलं, मग टाकीवर टॉवेल टाकला आणि मग डॉक्टरांना फोन केला. आधीच घाबरलेल्या माणसांना आणखी मेलेले मासे कशाला दाखवायचे, असा त्यांचा सरळ हिशोब होता.

तपासनीसबाई दाढेवर टोपी बसवून घ्यायला आल्या, तेव्हा टॉवेल तसाच होता. बाईंचं आयुष्य विमा कंपनीत दावे तपासण्यात गेलं होतं. जळालेली गोदामं, हरवलेल्या बांगड्या, जिन्यावरून घसरलेले काका, सगळं त्यांनी बघून ठेवलं होतं. कुणी रडत सांगितलं म्हणून ते खरं धरायचं, ही सवय त्यांना कधी लागलीच नाही. आता त्या निवृत्त होत्या, पण हाक अजून ‘तपासनीसबाई’ अशीच यायची.

डॉक्टरांनी त्यांच्या तोंडात कापूस कोंबला आणि मग बोलायला सुरुवात केली. माणूस हुशार. समोरच्याला मधे बोलताच येऊ नये, अशी सोय त्यांच्या धंद्यातच आहे.

“बाई, फक्त माझेच नाही. ड्रॉइंग मास्तरांचे गेले, लॉन्ड्रीवाल्याचे गेले. तीन टाक्या, सगळ्या कालपासून आजपर्यंत. तिघंही आम्ही नवशिके. आणि तिघांनीही आमच्या विकीवर वाचून सगळं केलं होतं.”

बाईंनी भुवया वर केल्या. दुसरं काही वर करता येत नव्हतं.

“विकी म्हणजे सगळ्यांनी मिळून लिहायचं पुस्तक, इंटरनेटवरचं. मासे पाळणारे आम्ही बारा जण. तुमचे यजमानही आहेत की आमच्यात, शुद्धलेखन तेच बघतात. दोन महिन्यांपूर्वी सुरू केलंय. कुणीही लिहावं, कुणीही सुधारावं, एवढाच नियम. आणि शुक्रवारी औषधाच्या पानावर कुणीतरी थेंबांचा आकडा बदलला. कुणी ते मला ठाऊक आहे. गप्पीने.”

गप्पी म्हणजे माशांचा दुकानदार. गप्पी मासे विकतो म्हणूनही गप्पी आणि तोंड मिटत नाही म्हणूनही गप्पी.

“मासे मेले की नवीन कोण विकणार? तोच. येत्या रविवारच्या बैठकीत त्याला मंडळातून काढायचं ठरलंय. गावात सगळ्यांना सांगणार आहोत, त्याच्याकडे पाऊल टाकू नका. मला फक्त पुरावा हवाय.”

कापूस निघाल्यावर बाईंनी जबडा दोनदा हलवून पाहिला.

“डॉक्टर, तुम्हाला तपास हवाय की शिक्का?”

“अहो, तपासच. पण निघेल तेच.”

“मग बघते. तुमच्या त्या पानावर बदल करणाऱ्याचं नाव दिसतं ना?”

डॉक्टर हातमोजे काढता काढता थांबले.

“दिसतं,” ते म्हणाले. “पण सगळीकडे एकच नाव दिसतं. बाराही जणांचं.”

२

झालं होतं असं. विकी उघडली तेव्हा प्रत्येकाने आपापलं नाव नोंदवून पासवर्ड घ्यायचा होता. पहिल्याच आठवड्यात सात जण पासवर्ड विसरले आणि दोघांनी तो डॉक्टरांना फोनवरून मोठ्याने विचारला. वैतागून डॉक्टरांनी सगळ्यांना मिळून एकच नाव देऊन टाकलं, ‘मत्स्यमंडळ’. त्यानंतर कोण काय लिहितंय हे देवालाच माहीत.

हे सगळं बाईंना घरी त्यांच्या यजमानांनी सांगितलं. यजमान छापखान्यात मुद्रितशोधक होते, म्हणजे पुस्तक छापायच्या आधी त्यातल्या चुका शोधणारे. त्यांच्या घरी मासा एकही नव्हता. पण डॉक्टरांच्या दवाखान्यात एकदा विकीचं पहिलं पान त्यांच्या नजरेस पडलं, त्यात ‘पाणि’ असं लिहिलेलं होतं, आणि ते त्याच दिवशी मंडळात सामील झाले. निवृत्तीनंतर दोन वर्षं खिडकीपाशी बसून असलेला माणूस आता सकाळी आंघोळ करून संगणकापुढे बसायचा. रविवारी बैठकीला इस्त्रीचा शर्ट घालायचा. बाईंना मासे आवडत नव्हते, पण त्या माशांचे उपकार मानत होत्या.

“सुरुवातीला कुणी काही लिहीतच नव्हतं बघ,” यजमान सांगत होते. “दोन बैठका गेल्या त्या ‘फिश टँक’ म्हणायचं की ‘मत्स्यालय’ यावर. लिहायला कुणी तयार नाही आणि दुसऱ्याचं सुधारायला सगळे तयार. शेवटी गप्पीने एका बैठकीत आठ पानं लिहून टाकली, जसा बोलतो तशीच. मी ती माणसांत आणली.”

त्यांनी औषधाच्या पानाचा इतिहास उघडून दाखवला. शुक्रवारी ‘दहा थेंब’ खोडून ‘चार थेंब’ केलेलं होतं. शेजारी नाव, मत्स्यमंडळ.

“शुक्रवारी आणखी काही बदललं होतं?”

“बाकी माझ्याच किरकोळ दुरुस्त्या आहेत. पाच-सहा पानांवर. ऱ्हस्व-दीर्घ, विरामचिन्हं. त्यात बघण्यासारखं काही नाही.”

तेवढ्यात नळाला पाणी आलं. यजमान उठले, पिंपातलं कालचं पाणी बादलीत ओतून कुंड्यांना घातलं, पिंप विसळून ताजं पाणी भरलं आणि हात पुसत परत आले. हे काम त्यांनी लग्न झाल्यापासून बायकोला करू दिलं नव्हतं.

“तुम्हाला कुणाचा संशय येतो?” बाईंनी विचारलं.

“गप्पीचा नाही,” ते म्हणाले. “बोलतो फार, पण माशांवर जीव आहे त्याचा. तू त्याला सोडव.”

३

गप्पीचं दुकान अरुंद होतं आणि दोन्ही बाजूंना टाक्या होत्या, त्यामुळे गिऱ्हाईक आलं की मालकाला स्टुलावर चढावं लागायचं. त्या दिवशी स्टुलाची गरज नव्हती. दुकानात कुणीच नव्हतं.

“या ताई. तुम्ही डॉक्टरांच्या बाजूने आलात ना? विचारा,” गप्पी म्हणाला. मग त्यांनी विचारायची वाट न बघता स्वतःच सांगत सुटला. “थेंब मीच बदलले. लपवायचंय काय त्यात? जुनी बाटली पातळ औषधाची होती, कंपनीने आता दाट काढलंय. दहा घातले असते तर मासे भाजून निघाले असते. मी कमी केले ताई, वाढवले नाहीत. कमी औषधाने मासा बरा होणार नाही फार तर, पण रात्रीत मरेल कसा?”

“हे डॉक्टरांना सांगितलंत?”

“सांगितलं. ते म्हणाले, म्हणजे हात लावलास हे कबूल आहे तर.” तो एका टाकीच्या काचेवरचा डाग बोटाने पुसत राहिला. डाग आतल्या बाजूने होता. “दोघांनी आगाऊ सांगितलेले मासे नको म्हणून कळवलं. आमच्या गावात मासे पाळणारे किती, ते सगळे मंडळातल्याच कुणाला तरी विचारून येतात. रविवारी मला काढलं की मी शटर खाली ओढायचं. घरी अजून बायकोला सांगितलेलं नाही.”

त्याचं ऐकून बाई तडक लॉन्ड्रीत गेल्या. गप्पी खरं बोलत असेल किंवा नसेल, ते बाजूला ठेवून त्यांनी एकच गोष्ट विचारली. लॉन्ड्रीवाला इस्त्री उभी करून बघत राहिला.

“औषध? माझ्या माशांना झालंच काय होतं औषध द्यायला? चांगले ठणठणीत होते. मी ते पान उघडूनसुद्धा पाहिलेलं नाही.”

म्हणजे ज्या पानावरून एवढा गदारोळ चालला होता, ते पान तीनपैकी एकाने वाचलेलंच नव्हतं. बाईंनी औषध मनातल्या मनात बाद केलं.

“मग रविवारी तुम्ही टाकीला केलंत काय?”

“काही नाही. पाणी बदललं फक्त. विकीत लिहिलंय तस्संच.”

ड्रॉइंग मास्तरांनाही त्यांनी फोन केला. मास्तर म्हणाले, पाणी बदललं. डॉक्टर म्हणाले, पाणी बदललं.

४

पाणी बदलायचं पान चार ओळींचं होतं. बाईंनी ते फोनवर वाचलं, पुन्हा वाचलं, आणि त्यांना त्यात काही म्हणजे काही सापडलं नाही. म्हणून त्या जाणत्या माणसाकडे गेल्या.

अण्णा मंडळातले सगळ्यांत जुने. त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेले मासे होते आणि विकीला त्यांचा पहिल्या दिवसापासून विरोध होता. संशय घ्यायचा तर त्यांच्यावर भरपूर घेता आला असता, आणि हे त्यांना स्वतःलाही माहीत होतं.

“माझ्यावर येणार हे ठाऊक होतं मला,” ते खुर्ची पुढे सरकवत म्हणाले. “बसा. मी म्हणत होतो, असं फुकट लिहून टाकू नका. हाताखाली राहून शिकलं की चुका समोर दिसतात. वाचून शिकलेल्याला कोण हटकणार? पण म्हणून मी मासे मारीन? मला ते पान बदलायचं कसं हेसुद्धा येत नाही. माझा फोन बटणांचा आहे.”

बाईंनी पान त्यांच्यापुढे धरलं. अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवून वाचलं. टाकीतलं एक तृतीयांश पाणी काढा, तळाचा गाळ ओढून घ्या; तेवढंच ताजं पाणी हळूहळू घाला.

“बरोबर आहे. मी काल माझ्या टाक्यांना हेच केलं. माझे मासे बघा, मजेत आहेत.”

मासे खरोखरच मजेत होते. बाई तिथून निघाल्या त्या वैतागूनच. एकच पान, एकच काम, जाणत्याचे मासे जगले आणि नवशिक्यांचे मेले. मग मंडळात आणखी कुणी नवशिकं आहे का, हे त्यांनी डॉक्टरांना विचारलं. एक नर्स होती, सरकारी दवाखान्यातली. पण तिचे मासे जिवंत होते, म्हणून तिला कुणी काही विचारलंच नव्हतं.

नर्स दुपारच्या सुट्टीत पायऱ्यांवर बसून चहा पीत होती.

“हो काकू, मीसुद्धा पान वाचूनच केलं. शनिवारी संध्याकाळी नळाला पाणी आलं तेव्हा बादली भरली, म्हटलं आता बदलून टाकावं. तेवढ्यात ड्यूटीवरून फोन आला, पळाले. रविवारी सकाळी येऊन बघते तर बादली तशीच. इतका कंटाळा आला होता, दुसरी कोण भरणार? तीच ओतली. का हो, चुकलं का माझं काही?”

बाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि चहा मागवला, स्वतःसाठीही.

“नाही गं,” त्या म्हणाल्या. “बहुतेक तुझंच एकटीचं बरोबर आलंय.”

५

बाई परत दुकानात आल्या. गप्पीने त्यांचा फोन हातात घेतला आणि आपलंच पान वाचायला लागला. वाचता वाचता त्याचं तोंड, जे कधी मिटत नसे, ते मिटलं.

“ताई, यातला एक शब्द माझा नाही.”

“कुठला?”

“मी ‘ताजं’ लिहिलं नव्हतं. ‘शिळं’ लिहिलं होतं. शिळं पाणी घाला.” त्याने फोन काउंटरवर ठेवला. “नळाच्या पाण्यात जंतू मारायला क्लोरीन घालतात. आपल्याला चालतं ते, माशांचे कल्ले जळतात. म्हणून पाणी आदल्या दिवशी भरून उघडं ठेवायचं, रात्रभरात क्लोरीन उडून जातो. त्याला आम्ही शिळं पाणी म्हणतो. नळाखालची बादली थेट टाकीत ओतली असेल तर... अरे देवा.”

“अण्णांनी हेच पान वाचलं. म्हणाले, बरोबर आहे.”

“त्यांना काय? त्यांच्या अंगणात पिंपं भरलेलीच असतात. ताजं म्हणजे आता घालायचं ते, एवढाच अर्थ लागतो त्यांना. इतकी वर्षं नळाचं पाणी थेट घातलं आहे कुणी? तसं कुणी करेल हे त्यांच्या डोक्यातच येणार नाही.”

गप्पी पुन्हा फोनकडे वाकला. “आणि हे काय आहे? गाळ ओढून घ्या, त्याच्यापुढे टिंब आणि त्याच्याखाली स्वल्पविराम. हेही माझं नाही. मला ते फोनवर कुठे असतं तेसुद्धा माहीत नाही.”

“अर्धविराम म्हणतात त्याला,” बाई म्हणाल्या.

“कोण घालतं असलं?”

बारा जणांच्या मंडळात एक जण दातांचा डॉक्टर होता, एक नर्स, एक लॉन्ड्रीवाला, एक मास्तर, एक बटणांच्या फोनवाला. अर्धविराम वाण्याच्या यादीतसुद्धा घालणारा माणूस एकच होता, आणि त्याच्या हातची यादी घेऊन बाई दर महिन्याला दुकानात जात होत्या. त्यांनी फोन पर्समध्ये टाकला. पर्सची चेन लागेना, तेव्हा ती तशीच उघडी ठेवून त्या उठल्या.

“ताई, कळलं का तुम्हाला कोण ते?” गप्पीने विचारलं. “सांगा ना. माझ्या पोटापाण्याचा प्रश्न आहे.”

“रविवारी बैठकीत सांगते,” बाई म्हणाल्या आणि बाहेर पडल्या.

घरापर्यंत चालत जाताना त्यांनी दोन्ही बाजूंनी विचार केला. आज घरी जाऊन ‘ताजं’चं पुन्हा ‘शिळं’ करून ठेवलं, तर कुणाला पत्ता लागणार नव्हता. नाव तेच, मत्स्यमंडळ. गप्पी काही म्हणाला तरी त्याचं कोण ऐकणार? त्याला काढतील, चार दिवस बोलतील, विसरतील. आणि आपला माणूस रविवारी इस्त्रीचा शर्ट घालत राहील. हा विचार त्यांना आला, चांगला दोन चौक टिकला, आणि त्याची त्यांना लाज वाटली.

६

यजमान संगणकापुढेच होते. बाईंनी पर्स टेबलावर ठेवली.

“अहो, शुक्रवारी तुम्ही पाण्याचं पान दुरुस्त केलंत?”

“केलं की. फार वाईट अवस्था होती. सगळं एका दमात लिहिलेलं.”

“त्यात ‘शिळं पाणी’ असं होतं.”

“होतं ना!” ते खुर्ची फिरवून हसले. “काय माणूस आहे. शिळं पाणी घाला म्हणे. अगं, मुकी जनावरं असली म्हणून काय झालं, कालचं पाणी कुणी कुणाला पाजतं का? म्हटलं घाईत चुकून लिहून गेला असेल. मी ‘ताजं’ केलं.”

इतकी वर्षं बाईंनी लोकांना वाईट बातमी टेबलाच्या पलीकडून सांगितली होती. त्या खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसल्या आणि क्लोरीनपासून नर्सच्या बादलीपर्यंत सगळं सांगितलं, एकही शब्द न गाळता. सांगून झाल्यावर यजमानांनी खुर्ची पुन्हा संगणकाकडे वळवली.

“किती मेले?”

“तिन्ही टाक्यांतले सगळे.”

“आणि गप्पीला काढतायत.”

“हो.”

“तू काय करणार आहेस?”

“तुम्हीच म्हणालात, त्याला सोडव.” बाईंनी पर्सची उघडी चेन ओढून लावली. “मला फार वाईट वाटतंय हो. पण मी सांगणार आहे.”

“सांग,” यजमान म्हणाले. मग त्यांनी पाण्याचं पान उघडलं. “निदान पान आत्ता दुरुस्त करू दे. कुणी आजही ओतेल.”

“मी सगळ्यांना फोन करून सांगितलंय, रविवारपर्यंत पाणी बदलू नका. पान तसंच राहू द्या. बैठकीत दाखवायचंय.”

रविवारी बैठक दवाखान्यातच होती. टाकी रिकामी होती आणि टॉवेल घडी करून तिच्यावर ठेवला होता. गप्पी दाराजवळ बसला होता, काढलं की उठून जाता यावं असा. बाईंनी भिंतीवरच्या पडद्यावर पान दाखवलं आणि शांतपणे एकेक गोष्ट मांडली. औषध लॉन्ड्रीवाल्याने दिलंच नव्हतं, म्हणून औषध नाही. तिघांनी नळाचं पाणी थेट घातलं, नर्सचं रात्रभर राहिलं, अण्णांचं नेहमीच राहतं, म्हणून पाणी. पानावर ‘शिळं’ होतं त्याचं ‘ताजं’ झालं. हे ज्याने केलं त्याला मासे ठाऊक नव्हते, भाषा ठाऊक होती.

“तो बदल माझ्या यजमानांनी केला,” त्या म्हणाल्या. “दुष्टाव्याने नाही. पण केला त्यांनीच.”

डॉक्टर यजमानांकडे आणि मग टाकीकडे बघायला लागले. सगळ्यांत आधी गप्पीच उठला.

“दादा,” तो म्हणाला, “मी कंसात का म्हणून शिळं, तेवढं लिहायला हवं होतं.”

“नाही,” यजमान म्हणाले. “शब्द कळला नाही तर लेखकाला विचारायचं असतं. छापखान्यात पहिल्या दिवशी शिकवतात ते. तुम्ही एका फोनच्या अंतरावर होतात, मी विचारलं नाही.”

गप्पीबद्दलचा ठराव डॉक्टरांनी वाचलाच नाही. यापुढे ज्याने त्याने आपापल्या नावानेच लिहायचं, एवढं त्यांनी सांगितलं आणि कुणाला आत्ता नाव नोंदवायचं असेल तर संगणक मोकळा आहे म्हणाले. कुणी हललं नाही. पासवर्डची भीती सगळ्यांना अजून होतीच.

यजमान उठून संगणकापुढे बसले. नावाच्या चौकटीत त्यांनी स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट.

“इतकी पुस्तकं तपासली,” ते कुणाकडेही न बघता म्हणाले. “लेखकाचं नाव असतं, छापणाऱ्याचं असतं. आमचं कुठेच छापत नाहीत. हे पहिलंच.”

मग त्यांनी पाण्याचं पान उघडलं, ‘ताजं’ खोडून ‘शिळं’ लिहिलं आणि त्यापुढे गप्पीला एकेक वाक्य विचारत कारणही लिहिलं. खाली एक छोटी चौकट होती, बदल का केला ते सांगण्यासाठी. तिथे आजवर ते ‘शुद्धलेखन’ असं लिहायचे. त्या दिवशी त्यांनी लिहिलं, ‘आधीची दुरुस्ती माझी होती. तिच्यामुळे तीन घरचे मासे मेले.’ सवयीप्रमाणे त्यांनी ते पहिल्या अक्षरापासून पुन्हा तपासलं. दुरुस्त करण्यासारखं त्यात काही नव्हतं. त्यांनी बटण दाबलं, आणि पडद्यावर त्या ओळीशेजारी त्यांचं नाव आलं.